कोरडी होडी

भादवा सरतो, पाऊस मागे जातो आणि ऊन मानेला चावायला लागतं. बोळिंजला आमच्या इमारतीमागे तळं आहे. या दिवसांत ते काठोकाठ भरलेलं असतं, वर चतुर भिरभिरत असतात आणि रविवारी सकाळी तिथून एक आवाज यायला लागतो. गांधीलमाशी बरणीत कोंडली तर ती जशी तडफडेल तसा. बारीक, चिडका, चढत जाणारा. रिमोट हातात धरून चालवायच्या, बॅटरीवर पळणाऱ्या लहान होड्यांचा तो आवाज. शेजारपाजारचे गॅलरीत येऊन कौतुकाने ऐकतात. मी हातातला चहा खाली ठेवतो आणि दाराशी जाऊन आधी निलेशच्या चपला बघतो. चपला नसल्या म्हणजे तो तळ्यावर गेला. मग मीही चपला घालून त्याच्या मागे उतरतो.

निलेश माझा मुलगा. लहान नाही, एका पोरीचा बाप आहे, कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेत. वसईला कारखान्यात मशीनवर असतो. पण तळ्याकडे निघाला की त्याची चाल बदलते. पाचूबंदरच्या धक्क्यावरून पाण्यात उड्या टाकायचा तेव्हाची चाल.

आम्ही पाचूबंदरचे. लाकडी होड्या बांधण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीत सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझ्या होडीत पाणी शिरलं असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणायचो. आजही म्हणतो. दुसरी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. मी बांधलेली होडी धक्क्यावरून सुटली की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल चोपडायचं. तेवढ्या त्या कापसाच्या वातीवर सात-आठ माणसं समुद्रात जातात. वारा फिरला की बायका धक्क्यावर यायच्या, आपापल्या माणसाची वाट बघत. मी त्यांच्यापासून लांब, मासळी वाळवायच्या बांबूंमागे उभा राहायचो. माझ्या घरचं कुणी समुद्रात नसायचं, पण त्या वेळेला सगळेच माझे असायचे. मनातल्या मनात एकेका होडीच्या एकेका सांध्यावरून बोट फिरवायचो. इथे कापूस कमी पडला का? तिथे राळ नीट सुकायच्या आत घाई केली का? होड्या एकेक करून दिसायला लागायच्या, बायकांचा गलका व्हायचा, आणि मी मागच्या मागे घरी यायचो. निलेशची आय म्हणायची, "लोकांच्या होडीपायी तुमी का सुकता?" मी म्हणायचो, भूक लागलीय, वाढ.

पुढे फायबरच्या होड्या आल्या. माझी करवत, पटाशी, रंधा पोत्यात गेले. निलेशने बोळिंजला फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी त्याच्याबरोबर इथे आलो. मला वाटलं, बरं झालं. एवढ्या वरच्या मजल्यावर पाण्याची भीती कसली.

आणि मग तो मोसम आला. आज जसं ऊन आहे तसंच होतं. खाडीकडे जी काही थोडी शेतं उरलीत त्यांत भात पिवळं पडायला लागलं होतं आणि वाऱ्याला त्याचा कोंदट गोड वास होता. निलेश एक खोकं घेऊन आला. आत मोटर, बॅटरी, रिमोट, पितळेचा एवढासा पंखा. इमारतीतल्या सावंतांनी त्याला हा नाद लावला होता. सावंत मूळचे मालवणकडचे, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, तोंडाने तिखट. त्यांच्याकडे तयार विकत आणलेली लाल होडी होती. निलेश म्हणाला, "बाबा, बॉडी तुम्ही बनवा ना. मार्केटची नको." मी म्हटलं, खेळणी बनवायला बसलोय का मी? दुसऱ्या दिवशी दुपारी पोतं उघडलं. पटाशीला गंज चढला होता. तो घासताना जो आवाज आला तो ऐकून निलेशची आय आतून म्हणाली, "चला, घरात मानूस आला."

मी होडी बांधली ती खऱ्या होडीसारखी. गोल पोट, जाड फळी, नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच. लाटेत खाली-वर होऊ नये म्हणून नाळेत जाळ्याची शिशाची वजनं बसवली. तळ्यात सोडली तर बदकासारखी डुलत गेली. एक थेंब आत नाही. मी काठावर मिशीवर हात फिरवत उभा. सावंतांची लाल होडी तिच्याभोवती तीन चकरा मारून गेली. सावंत म्हणाले, "काका, ही होडी आहे की पाटा? हिच्यावर चटणी वाटून घेऊया." सगळा काठ हसला. निलेशही हसला, तोंड फिरवून, पण हसला. ते मला लागलं.

तिथून वेगाचं वेड सुरू झालं. माझं जास्त, की त्याचं, ते आता सांगता येणार नाही.

वेग म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. होडीला सांभाळणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून टाकायच्या, तसतसा वेग येतो. आधी फळीची जाडी गेली. उन्हाकडे धरली तर पलीकडून बोटाची सावली दिसेल इतकी मी ती घासली. मग गोल पोट गेलं, तळ सपाट केला आणि कडा धारदार काढल्या, म्हणजे पाणी तळाला चिकटून वर चढत नाही. शिसं काढायला मी तयार नव्हतो. निलेश म्हणाला, "बाबा, वजन मागे पाहिजे. नाक उचललं पाहिजे तिने." मी म्हटलं, नाक उचललेली होडी मी बघितलीय, पुढच्या लाटेला उलटी होते. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच शिसं काढलं आणि बॅटरीची जागा मागे सरकवली, कारण सावंत जिन्यात भेटले होते आणि त्यांनी पाट्याची तब्येत विचारली होती.

पंखा आम्ही दोघांनी मिळून केला. तो सुईवर तोलून धरायचा. जे पातं जड ते खाली जातं. मग त्याला हळूच कानस मारायची, परत तोलायचा, आणि दोन्ही पाती आडवी स्थिर राहिली की बारीक कागदाने आरशासारखा घासायचा. पंखा ज्यावर फिरतो त्या आसाला ग्रीस भरायचं, आस मोटरच्या सरळ रेषेत बसवायचा, जराही वाकडा नको. गॅलरीत आम्ही बाप-लेक डोक्याला डोकं लावून बसायचो. त्याने लहानपणी माझ्याजवळ बसून काम शिकावं असं मला वाटायचं, तेव्हा तो समुद्रावर पळायचा. आता बसला होता. म्हणूनही असेल, मी कशालाच नाही म्हणालो नाही.

होडी पळायला लागली. पण ती आता पाण्यात बसत नव्हती. पाण्याला नुसती टेकत होती. मागचा पंखा आणि तळाचा वीतभर भाग पाण्याला, बाकी सगळी हवेत. वाऱ्याची एक झुळूक आली तरी नाळ थरथरायची. सगळे तिच्या मागच्या पांढऱ्या फवाऱ्याकडे बघायचे, मी तिच्या तळाखालच्या उजेडाकडे बघायचो. होडी आणि पाणी यांच्यात उजेड दिसतो, हे माझ्या डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

मग मोठी बॅटरी आली. जास्त घरांची, म्हणजे जास्त ताकदीची. दिसायला कपडे धुवायच्या साबणाच्या वडीएवढी. निलेशने घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. ही फार तापली तर फुगते. फुगली तर पेटते, आणि पेटली की फटाक्यासारखी. नखं रंगवायच्या रंगासारखा गोडसर वास आला तर तिला वाळूत पुरायची, नाहीतर सरळ पाण्यात टाकायची. हातात धरायची नाही. सूनबाई प्रियाने पोरीला गॅलरीत जायची बंदी केली. चार्जिंग मातीच्या कुंडीत ठेवून करायचं ठरलं. निलेशची आय शेजारणीला सांगत होती, "माझी तुलस काडली आनि त्यात बाँब लावला."

निलेश कामावर असला की चार्जिंगवर मी लक्ष ठेवायचो. शेजारी वाळूची बादली. चार्जरचा बारीक दिवा लाल असायचा तोवर मी पेंगायचोही नाही. हात लावून बघायचो, गरम आहे का. वास घ्यायचो. प्रिया आत नखांना रंग लावत असली की मी ताडकन उठायचो. ती आधी हसायची, मग तिने रंग लावणंच सोडून दिलं.

बॅटरीची भीती नवी होती. जुनी भीती अजून आत बसली होती, ती मुकाट बसली असती तर बरं झालं असतं.

झालं असं की होडी पळून आली की तिच्या पोटात पाणी असायचं. चमचाभर, कधी दोन. मी बोट फिरवून निलेशला दाखवायचो. तो म्हणायचा, "थोडं येतंच बाबा." थोडं येतंच! हे वाक्य पाचूबंदरला माझ्यासमोर कुणी बोललं असतं तर त्याला मी खांद्याला धरून कामावरून बाहेर काढलं असतं. मी होडी उलटी करून बघायला लागलो. सुकाणूच्या पात्यात एक भोक होतं, काडेपेटीच्या काडीएवढं. तिथून एक बारीक नळी होडीच्या आत जात होती, मोटरला वेढा घालून पुढे एका डबीतून फिरून कुशीतल्या दुसऱ्या भोकातून बाहेर येत होती. निलेशने मला ते समजावलं होतं. होडी पळते तेव्हा तळ्याचं पाणी त्या भोकातून आत शिरतं, तापलेल्या मोटरला थंड करतं आणि बाजूने बाहेर पडतं. मी मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं. होडीच्या खाली मुद्दाम भोक ठेवायचं आणि पाण्याला आत बोलवायचं, हे माझ्या हातांना कसं पटावं? आणि नळीचा सांधा ढिला होता. तिथूनच पाणी गळत होतं, मला दिसत होतं.

शनिवारी दुपारी निलेश कारखान्यात होता. मी कापसाची वात केली, सुकाणूच्या भोकात ठासली, वर राळ लावली. सुकल्यावर अंगठा फिरवला, गुळगुळीत. न्हाणीघरातल्या टबात होडी दाबून धरली. वर काढून आत बोट घातलं. कोरडी. त्या दिवशी मी भाकरी मागून घेऊन खाल्ली. निलेशला सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय? गळती बंद केली म्हणून कुठला सुतार ढोल वाजवतो?

रविवारी काठावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सावंतांनी लाल होडीला नवीन पंखा लावून आणला होता. निलेशने मोठी बॅटरी बसवली, झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि होडी पाण्याला लावली.

तशी ती कधी पळाली नव्हती. मला ती दिसतच नव्हती, पाण्यावरची फक्त रेघ दिसत होती. पहिल्या वळणाला ती लाल होडीच्या मागे होती, दुसऱ्या वळणाला पुढे. सावंत गप्प झाले. सावंत गप्प झालेले मी पहिल्यांदा बघितले. माझ्या छातीत भीतीही होती आणि दुसरंही काही होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या हाताची फळी होती ती.

मग आवाज बदलला. चढलेला आवाज जरा खरखरीत झाला, घसा बसल्यासारखा. आणि तळ्याच्या मधोमध होडी थांबली. झाकणाच्या कडेतून उदबत्तीएवढा धूर वर आला.

बंद पडलेली होडी आणायला काठावर फुगवलेली ट्यूब आणि दोरी असते. सावंत ती सोडायला गेलेही. पण निलेश पाण्यात उतरला होता. कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. सावंत दोरी सोडवता सोडवता माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, हिची धार दिसत नव्हती हो. बाजूने पाणी बाहेर येतच नव्हतं. मला वाटलं माझेच डोळे."

मला कळलं. कुणी समजावायला लागलं नाही. माझा अंगठा त्या गुळगुळीत राळेवरून परत एकदा फिरला.

निलेश होडीपाशी पोचला होता. आणि त्याने काय केलं? त्याने ती उचलली आणि डोक्यावर घेतली. पाचूबंदरचं पोर ते. ओहोटीला होडी लांब उभी राहते तेव्हा आम्ही छातीभर पाण्यातून मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच येतो, माल भिजता कामा नये म्हणून. त्याने विचार केलाच नसेल. हात आपोआप वर गेले असतील. धूर आता पांढरा आणि जाड झाला होता, त्याच्या केसांवरून मागे जात होता. आणि पाण्यावरून तो वास आला. गोडसर.

मला ओरडायचं होतं. शब्द कोणता ते माहीत होतं. पण तो शब्द माझ्या तोंडातून कधी निघालेला नव्हता. माझा बाप होडी बांधताना तो शब्द कुणी उच्चारला तर त्या दिवसाचं काम थांबवायचा, हत्यारं धुवायला लावायचा. होडी हरवली तरी आमच्यात "राहिली" म्हणतात. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. निलेश एकेक पाऊल चिखलातून उचलत काठाकडे येत होता, सावकाश, होडी हलू नये म्हणून.

"बुडव ती," मी म्हणालो. मग ओरडलो. "निल्या, बुडव."

तो थांबला. डोक्यावरचे हात तसेच. "बाबा, तुमची होडी आहे."

"बुडव म्हणतो ना."

तो तरी उभाच. त्याच्या तोंडावर असं काही होतं की बाप शुद्धीवर नाही असं त्याला वाटत असावं. तेव्हा मी पाण्यात शिरलो. चिखलाने पाय धरले, गुडघ्यापर्यंत गेलो, पुढे जमीन लागली नाही आणि मी तोल सांभाळायला हात पसरले. मी होड्या बांधल्या, पण पोहायला कधी शिकलो नाही. घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. निलेशने मला पाण्यात येताना बघितलं आणि त्याने होडी दोन्ही हातांनी खाली दाबली, सोडली आणि माझ्याकडे झेपावला.

त्याच्या पाठीमागे पाणी उजळलं. खालून, नारिंगी. भाताच्या पातेल्यासारखं खदखदलं, पांढरा लोट वर आला आणि फळ्या वेगळ्या होऊन वर तरंगल्या. माझा सांधा माझ्या डोळ्यांदेखत उकलला. मी निलेशच्या खांद्याला धरून उभा होतो आणि त्याच्या मानेवर, कानामागे, केसांत हात फिरवून बघत होतो, सांधा तपासावा तसा. केस एका बाजूला करपले होते. तळहाताला मोठा फोड आला होता. बाकी माणूस अख्खा होता.

घरी त्याच्या आयने फोडावर टूथपेस्ट लावली, प्रियाने ती नळाखाली धरून धुऊन टाकली, आणि त्यावरून दोघींचं जुंपलं. ते भांडण ऐकायला मला बरं वाटत होतं. निलेश हात पाण्यात धरून बसला होता. मी समोर. तो म्हणाला, "बाबा, भोक बुजवलं होतं का?"

"पानी आत येत होतं," मी म्हणालो.

"यायलाच पाहिजे होतं, बाबा."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता, आणि आमचं दोघांचं काम सोपं झालं असतं. होडीच्या तळाला भोक दिसलं की बुजवायचं, हे मला आजही चूक वाटत नाही. कुठल्याही बंदरावर जाऊन कुठल्याही सुताराला विचारा. पण मी त्या दिवसापासून एका गोष्टीवर विचार करतोय. इतकी वर्षं मी भीतीच्या आधारावर काम केलं. ती मला सांगायची, इथे बघ, तिथे हात फिरव, आणि तिचं ऐकलं म्हणून माणसं घरी आली. तिने मला कधी फसवलं नव्हतं. त्या शनिवारीही तिने मला नेहमीचंच सांगितलं होतं. तीच भीती, तोच कापूस, तोच अंगठा. फक्त होडी दुसरी होती, आणि तिला बाहेरच्या पाण्याने नाही, आतल्या उष्णतेने मरण होतं. म्हातारपणी माणसाने कशाला भ्यायचं ते नव्याने शिकायचं, हे फार अवघड आहे. जुन्या भीतीचं निदान तोंड ओळखीचं असतं.

तो मोसम गेला. मला वाटलं नाद सुटला. पण पुढच्या वर्षी ऊन चावायला लागलं तसा निलेश पुन्हा खोकं घेऊन आला आणि ते माझ्यासमोर ठेवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं असतं तर त्याने विकतची बॉडी आणली असती, आणि दुसऱ्याने बांधलेल्या होडीमागे माझा मुलगा पाण्यात उतरला असता. ते मला जास्त भयंकर वाटलं. मी पोतं उघडलं.

आताही मीच बांधतो. फळी पहिल्यापेक्षा पातळ, तळ पहिल्यापेक्षा सपाट. सुकाणूतलं भोक निलेश पाडतो, ते काम मी करत नाही. पण होडी पाण्याला लावायच्या आधी मी त्या भोकात सुई घालून चिखल, शेवाळ काढतो, मग सुकाणूला तोंड लावून फुंकतो. कुशीतल्या भोकाशी दुसरा हात धरतो. बोटाला वारा लागला की होडी निलेशच्या हातात देतो. तोंडात तळ्याची मचूळ चव राहते, दुपारपर्यंत जात नाही.

आजही तसंच झालं. होडी सुटली, आवाज चढला, सावंतांनी आपली टिंगल सुरू केली. सगळे वेग बघत होते. मी बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार बघत होतो. दोऱ्याएवढी असते ती, उन्हात मधेच चमकते. ती पडतेय तोवर आत सगळं थंड आहे. पण होडी पलीकडच्या काठाने वळली की ती बाजू दिसेनाशी होते. तेवढा वेळ मी निलेशचा दंड घट्ट धरून उभा असतो. तो हात सोडवून घेत नाही. दंड धरलेल्या हाताने रिमोट नीट फिरत नाही, वळण रुंद जातं, आणि सावंत पुढे निघून जातात.